पोर्ट लुई : सोळा पायऱ्यांची राजधानी

मॉरिशस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निळा समुद्र, पांढरी वाळू आणि मधुचंद्राला निघालेली जोडपी येतात. आपले पर्यटक किनाऱ्यावरच्या हॉटेलांत उतरतात आणि राजधानीसाठी जेमतेम अर्धा दिवस काढतात, तोही बहुधा खरेदीसाठी. वाटेत हिंदी बोलणारा टॅक्सीवाला भेटतो, घराघरांच्या अंगणात मारुतीचे लाल झेंडे दिसतात, रस्त्याकडेला शंकराचे देऊळ लागते. मग घरी परतल्यावर सगळ्यांना सांगितले जाते, "अहो, तो तर छोटा भारतच आहे!"

हे म्हणणे खोटे नाही. देशातील सुमारे दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत. पण ही गोष्टीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू जाणून घ्यायची असेल, तर राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावर थोडा वेळ थांबले पाहिजे. कारण या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. गोरा असो, काळा असो, चिनी असो वा भारतीय, प्रत्येकाचा पूर्वज कुठल्या ना कुठल्या जहाजातून उतरलेला आहे. कोण कशा रीतीने उतरला, यातच या शहराचा सारा इतिहास सामावला आहे.

डोंगरांच्या कुशीतले बंदर

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात मॉरिशस आहे. डच खलाशी १५९८ मध्ये येथे आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. त्यांच्याच काळात येथला डोडो हा न उडणारा पक्षी नामशेष झाला. त्याचा सांगाडा आजही पोर्ट लुईच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात पाहता येतो. १७१० मध्ये डच निघून गेले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने याने हे बंदर बांधून काढले व राजधानी वसवली. पंधराव्या लुई राजावरून तिचे नाव पडले पोर्ट लुई.

जागा त्याने अचूक हेरली होती. एका बाजूला समुद्र आणि बाकी तिन्ही बाजूंना डोंगर. त्यांतला 'ल पूस' म्हणजे अंगठा. तो खरोखरच वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. 'पीटर बोथ' या शिखराच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखा एक प्रचंड धोंडा बसला आहे. त्याची लोककथा आपल्या कानांना ओळखीची वाटावी अशी आहे. एका गवळ्याने डोंगरात पऱ्यांना नाचताना पाहिले. "कोणाला सांगू नकोस" असे त्यांनी बजावले असताना तो बोलला आणि त्याचा दगड झाला!

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. पण फ्रेंच कायदे, भाषा, धर्म आणि रीतिरिवाज त्यांनी तसेच राहू दिले. म्हणून राज्य ब्रिटिशांचे असूनही रस्त्यांची नावे, वर्तमानपत्रे आणि पाव आजतागायत फ्रेंच राहिला आहे.

साखळदंडात आलेले

हे बंदर, रस्ते, कोठारे आणि इस्पितळे बांधली कोणी? प्रामुख्याने मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या गुलामांनी. भारतातूनही काही गुलाम नेले गेले. त्याचबरोबर पाँडिचेरीकडून स्वतंत्र कारागीरही आले आणि त्यांची वेगळी वस्ती शहराच्या कडेला वसली. म्हणजे उसाच्या मजुरांच्या शंभर वर्षे आधीपासून पोर्ट लुईत भारतीय राहत होते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्याबद्दल ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, ती २० लाख पौंडांहून अधिक होती. पण ती मिळाली मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून घाम गाळला, त्यांच्या हाती काही पडले नाही. उलट 'उमेदवारी' या नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना जुन्या मालकांकडेच राबावे लागले. तेथून सुटल्यावर बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली आणि किनाऱ्याच्या किंवा शहराच्या आसऱ्याने ते राहू लागले. त्यांच्या वंशजांना आज 'क्रिओल' म्हणतात.

सोळा पायऱ्या

मळेवाल्यांना आता मजूर हवे होते. त्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. गुलामांच्या जागी 'मुक्त' मजूर वापरून पाहण्याचा हा ब्रिटिशांचा प्रयोग होता. तो मळेवाल्यांच्या दृष्टीने यशस्वी ठरला आणि मग फिजी, त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिका अशा अनेक वसाहतींत तीच पद्धत राबवली गेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जवळपास पाच लाख भारतीय या बंदरात उतरले. बहुसंख्य बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले. मद्रासेकडून तमिळ व तेलुगू आले आणि मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोक.

बंदरात १८४९ मध्ये उभारलेल्या तळाचे काही अवशेष आज 'आप्रवासी घाट' म्हणून जपलेले आहेत. जहाजातून उतरल्यावर काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या चढून वर यायचे. मग दवाखान्यात तपासणी, नोंदवहीत नाव, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. दोनएक दिवस तळावर काढले की मळ्याकडे रवानगी. दगडी भिंतींचे तुकडे, स्वयंपाकघर, इस्पितळाच्या खोल्या, शौचकूप एवढेच आता उरले आहे. पाहायला गेले तर पाच मिनिटांत पाहून होते. पण त्या पायऱ्यांपाशी मॉरिशसची माणसे आपल्या मुलांना घेऊन उभी असतात, ती लवकर हलत नाहीत.

करार साधारण पाच वर्षांचा असे. पुरुषाचा पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर गैरहजर राहिले, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपलेल्या माणसालाही परवाना जवळ बाळगावा लागे. १८६७ च्या कायद्याने त्यावर छायाचित्र सक्तीचे झाले आणि परवाना दाखवता आला नाही की भटक्या म्हणून अटक होई. याविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. तो लिहून देण्यास पुढे आला आदोल्फ द प्लेव्हित्झ हा एक युरोपीय. त्यातूनच चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला.

१९०१ च्या अखेरीस गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतत असताना त्यांची बोट काही दिवस पोर्ट लुईला थांबली. शहरातील ताहेर बाग येथे त्यांचा सत्कार झाला. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, असे त्यांनी तेथील भारतीयांना सांगितले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील तेथे गेले आणि मजुरांचे खटले लढवू लागले. पुढे १२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्स या मैदानावर ब्रिटिशांचे निशाण उतरले व मॉरिशसचा चार रंगांचा झेंडा चढला. दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस म्हणून ती तारीख निवडली गेली. डॉ. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. त्यांचे वडीलही मजूर म्हणूनच आले होते.

दोन आठवणी, दोन संग्रहालये

एवढ्यावर थांबलो, तर ही आपल्या माणसांच्या यशाची सुंदर कथा होते. पण पोर्ट लुईत आणखीही एक आठवण नांदते आहे.

आप्रवासी घाटाला प्रतिष्ठा मिळायलाही वेळ लागला. १९७० मध्ये इंदिरा गांधींनी तेथे भेट दिली, तेव्हा त्याला 'कुली घाट'च म्हणत. नंतर त्याच परिसरातून मोटाररस्ता गेला आणि जुन्या तळाचा काही भाग त्यात गडप झाला. १९८७ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक ठरला व नाव बदलले. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ मानले.

गुलामांच्या वंशजांना मात्र राजधानीत असे स्थान आणखी बरीच वर्षे मिळाले नव्हते. मजुरांच्या नातवंडांच्या हाती सत्ता आणि नोकऱ्या आल्या, फ्रेंच घराण्यांकडे साखर कारखाने राहिले, आणि क्रिओल वस्त्या मागे पडल्या, ही सल खोल होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोर्ट लुईत पोलिसांच्या कोठडीत मृत्यू झाला आणि काही दिवस देशभर दंगली उसळल्या. शांत, हसऱ्या बेटाला आपल्याच घरातली भेग त्या आठवड्यात दिसली.

त्यानंतर देशाने जे केले, ते दखल घेण्यासारखे आहे. गुलामगिरी आणि करारमजुरी या दोन्हींचे परिणाम तपासण्यासाठी २००९ मध्ये 'सत्य आणि न्याय आयोग' नेमला गेला. २०११ मध्ये त्याने अहवाल दिला. गुलामगिरीचे संग्रहालय उभारावे, ही त्यातील एक शिफारस होती. ते २०२३ मध्ये उघडले, गुलामांनी बांधलेल्या जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत. आप्रवासी घाटापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणून पोर्ट लुईला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत. एक पाहून दुसरे टाळले, तर आपण शहराच्या निम्म्या लोकांकडे पाठ फिरवली असे होईल.

येथील सुट्ट्यांच्या यादीतही दोन्ही दिवस आहेत. १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताची सुट्टी, २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची. कलांचेही तसेच. गुलामांनी जपलेला सेगा नाच, बकऱ्याच्या कातड्याच्या राव्हान या डफावर चालणारा, २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. लग्नघरी भोजपुरी स्त्रिया गातात त्या 'गीत गवाई'ला २०१६ मध्ये तोच मान मिळाला.

बाजाराची गंमत

इतिहास पुरे झाला असेल, तर आता पिशवी घेऊन मध्यवर्ती बाजारात चला. गृहिणींनी तर ही संधी सोडूच नये! भेंडीला येथे म्हणतात 'लालो'. दोडका म्हणजे 'पिपांगाय', शेवग्याचा पाला म्हणजे 'ब्रेद मुरुम' आणि कोथिंबीर म्हणजे 'कोतोमिली'. शेवटच्या तिन्ही नावांमागे तमिळ शब्द आहेत. एकाच टोपलीत फ्रेंच आणि दक्षिण भारत असे शेजारी बसलेले दिसतात.

खाण्यात पहिला मान 'धोल पुरी'चा. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून, मैद्याच्या पारीत भरून लाटलेली ही पातळ पोळी. बिनगोडाची पुरणपोळी म्हटले तरी चालेल. ती नेहमी जोडीने देतात. मध्ये पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा 'रुगाय' आणि हिरवी चटणी. बिहारी मजुरांच्या घरची ही दालपुरी आज क्रिओल, चिनी, मुसलमान, गोरे सारेच रस्त्यावर उभे राहून खातात. 'गातो पिमाँ' म्हणजे शब्दशः मिरचीचा केक, पण तोंडात टाकला की कळते, हा तर आपला डाळवडा! फ्रेंच पावात लोणी लावून, त्यात हे वडे दडपून सकाळची न्याहारी होते. आपल्या वडापावाचा हा दूरचा भाऊच. वर थंडगार 'आलुदा' प्यावा. तो फालुद्याचा चुलत भाऊ.

शाकाहारी मंडळींना काळजीचे कारण नाही. मात्र चिनी फेरीवाल्याकडे नूडल्स घेताना आत काय आहे ते विचारून घ्यावे.

नोटेवरचे चेहरे

या देशाचे चलनही रुपयाच आहे. १८७६ च्या कायद्याने तो येथे रूढ झाला. खिशातली नोट नीट पाहा. पंचविसाच्या नोटेवर चिनी वंशाचे नेते आहेत, पन्नासाच्या नोटेवर फ्रेंच वंशाचे, शंभराच्या नोटेवर तमिळ, दोनशेच्या नोटेवर मुसलमान, पाचशेच्या नोटेवर हिंदू, हजाराच्या नोटेवर क्रिओल, आणि दोन हजारांच्या नोटेवर रामगुलाम. जणू सगळ्या देशाचे कुटुंबचित्रच! अर्थात असे कुटुंब सांभाळणे सोपे नसते. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी हिंदी छापले गेले, तेव्हा एवढा निषेध झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

भाषेची गोष्टही मजेदार आहे. संसद इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात, आणि घरी व रस्त्यावर सारे बोलतात क्रिओल. गुलाम आणि मालक यांच्या व्यवहारातून जन्मलेली ही भाषा आज मराठी वंशाच्या आजीचीही बोली आहे. तरीही शाळेत विषय म्हणून तिला २०१२ मध्ये जागा मिळाली. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू या भाषा तेथे त्याआधीपासून शिकवल्या जातात. तेव्हा भेटेल त्याच्याशी थेट हिंदीत सुरुवात करू नये. 'बोंझूर' म्हणून नमस्कार करावा. समोरच्याला हिंदी येत असेल तर तो आपणहून बोलतो.

रॉयल रस्त्यावर एकोणिसाव्या शतकातली जुम्मा मशीद आहे, आणि तिच्या आसपासच चिनी वस्ती आहे. अँग्लिकन कॅथेड्रल फ्रेंचांच्या जुन्या दारूकोठारात वसले आहे. सेंत क्रुआ या उपनगरात तमिळांचे मीनाक्षीचे देऊळ आहे आणि तेथेच पेर लावाल या फ्रेंच धर्मगुरूची समाधी. हा मूळचा डॉक्टर. १८४१ मध्ये तो आला आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांत आयुष्यभर राहिला. ९ सप्टेंबर १८६४ रोजी तो वारला. दरवर्षी त्या सुमारास देशभरातून लोक रात्रभर चालत त्याच्या समाधीला येतात. त्यांत हिंदू आणि मुसलमानही असतात. आपल्या वारीची आठवण व्हावी असे ते दृश्य असते.

मराठी घरांसाठी एक काम

मॉरिशसमधील मराठी समाज संख्येने लहान आहे आणि तो बहुतांशी राजधानीबाहेर, मधल्या पठारावर व पश्चिमेकडच्या गावांत राहतो. पण गणेश चतुर्थीची सुट्टी साऱ्या देशाला मिळते. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचली जाते. आडनावे मात्र बदलली. नोंदवहीत कारकुनाने पणजोबांचे जे नाव लिहिले, तेच फ्रेंच-इंग्रजी वळणाने पुढे आडनाव झाले. कदम, शिंदे, सावंत मागे राहिले. भिवाजी, रामा, गणू हीच आडनावे झाली.

त्या नोंदवह्या आजही आहेत. राजधानीजवळच्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जतन केल्या आहेत. मजुराचे नाव, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा, जात, उंची, अंगावरची खूण आणि जहाज असा तपशील त्यांत आढळतो. अनेकांची छायाचित्रेही आहेत. मॉरिशसची कुटुंबे त्यांच्या आधाराने आपले मूळ गाव शोधत भारतात येतात. येथे आल्यावर बहुतेकांची वाट अडते, कारण त्या गावात कोणाला काही आठवत नसते.

म्हणून एवढे करावे. आपल्या घरात एखादी वृद्ध आत्या किंवा आजोबा असतील, तर त्यांना विचारावे : आपल्यातला कोणी शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईला म्हणून गेला आणि जहाजावर चढला, असे कधी ऐकले आहे का? नाव काय होते? गावचे दैवत कोणते? जे कळेल ते वहीत लिहून ठेवावे. समुद्रापलीकडे त्याचा क्रमांक लिहिलेला असेल. त्याचे गोत आणि घर मात्र इकडच्याच माणसांना सांगता येईल.